झोपलेला वारस

फेझ शहराजवळच्या सफ्रू गावात कोणाच्या घरी काय शिजतंय हे यामनाबाईला झाकण न उचलता कळतं, असं लोक म्हणत. हे खोटं होतं. ती झाकण उचलून बघायची. शेजारणीकडे मीठ मागायला गेली तरी आधी चुलीवरची हंडी उघडायची, वाफेत नाक घालायची, "जिरं कमी पडलंय गं" म्हणायची आणि मग मिठाचं काढायची. तिचा नवरा सालम चपला शिवायचा. बिचारा फार सोशीक. तो म्हणायचा, "आमच्या हिला स्वर्गात नेलं, तर ही आधी मागच्या दाराला कुलूप कसलं आहे ते बघून येईल." सालम लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. मग यामनाच्या चौकशांना घरात आवर घालणारं कोणी उरलं नाही.

दुसऱ्या कोणा बाईला ही खोड असती तर गावानं तिला उंबऱ्यावर उभं केलं नसतं. पण यामनाला वाढवलं होतं तिच्या मावशीनं, खाला तामूनं, आणि खाला तामू काझीच्या कचेरीची अरीफा होती. पुरुषाची नजर जिथं जाऊ शकत नाही, तिथं काझी अरीफाला पाठवतो. हाईक, म्हणजे नखशिखांत झाकणारी चादर, गुंडाळून आलेली बाई खरंच तीच आहे ना, हे तिनं ओळखून सांगायचं. नवरा मारतो अशी तक्रार आली, की पाठीवरचे वळ बघायचे. घरधनी मेला, की बायकांच्या खोलीतल्या पेट्या उघडून आत काय काय आहे ते वाटणीसाठी सांगायचं. मावशी थकली तेव्हा हे काम भाचीकडे आलं. थोडक्यात, यामना जे आजवर आपल्या हौसेनं करत होती तेच आता काझीच्या हुकमानं करू लागली.

आणि काय काय बघितलं तिनं! अख्ख्या बाजारात कवडीचुंबक म्हणून नाव असलेला एक तेलाचा व्यापारी मेला, तेव्हा वारसांनी श्वास रोखून त्याची मोठी पेटी उघडवली. आत साखरेच्या ठोकळ्यांवरचे निळे कागद निघाले. एकेक हातानं सपाट करून, घडी घालून ठेवलेला. वारस कपाळावर हात मारून बसले. यामना मात्र कित्येक दिवस त्या कागदांच्या विचारात होती. माणसानं ते कशासाठी जपले असतील? शेवटी तिनं त्याच्या विधवेलाच विचारलं, तर ती म्हणाली, "रंग आवडायचा त्यांना." यामनाचा जीव भांड्यात पडला.

एकच गोष्ट अशी होती, की तिचा उलगडा यामनाला जन्मभर झाला नाही. ती म्हणजे झोपलेलं मूल.

पोटातलं मूल कधी कधी झोपी जातं, हे सफ्रूमध्ये कोणाला सांगावं लागत नाही. आईला धक्का बसतो, कोणाची नजर लागते, नाहीतर नवरा दूर निघून जातो, आणि मूल वाढायचं थांबतं. वर्ष झोपतं, दोन वर्षं झोपतं, कधी त्याहून जास्त. मग वेळ आली की उठतं आणि जन्माला येतं. काझीच्या किताबातही त्याला जागा आहे. मयताची बायको म्हणाली, माझ्या पोटी मूल झोपलंय, तर मिळकतीची वाटणी थांबते. कारण वारस आत आहे. आणि ते खरं की खोटं हे पोटावर हात ठेवून सांगायचं कोणी? अरीफानं.

यामना लहान असताना तिनं मावशीला विचारलं होतं, "खाला, झोपलेलं हाताला कसं लागतं?"

"लागत नाही. झोपलंय ना ते."

"मग नसलेलं आणि झोपलेलं, यातला फरक कसा ओळखायचा?"

त्यावर खाला तामूनं तिच्या थोबाडीत दिली होती. इतर कुठल्याही प्रश्नाला मावशी उत्तर द्यायची, याला मात्र थप्पड. त्यामुळे तो प्रश्न यामनाच्या मनात घर करून बसला.

हाज बेनईसा ऑलिव्ह तोडणीच्या दिवसांत गेला. घाण्यावर उभ्या उभ्याच छातीत कळ आली आणि संपलं सगळं. मोठा दिलदार माणूस होता. मागं तेलाचा घाणा, नदीकाठचं घर, वरच्या अंगाला ऑलिव्हची बाग आणि बायको हनिया. मूल नाही. मूल नसलं की बायकोला चौथा हिस्सा आणि बाकी सगळं मयताच्या धाकट्या भावाला, म्हणजे अल्लालला; लोक त्याला आदरानं सी अल्लाल म्हणत. बाजारात त्याचं गालिच्याच्या लोकरीचं दुकान होतं. घर आणि घाणा विकायचा आणि पैसा वाटून घ्यायचा, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. हनियाला मग भलील गावी आपल्या भावाकडे जावं लागणार होतं. तिथं भावजयीनं आधीच सांगून ठेवलं होतं, की खोली नाही, पण गोठ्याच्या वर जागा निघेल.

हनियाचे पांढरे कपडे उतरायचा दिवस आला. विधवेचं पांढरं उतरलं, की वाटणीला हात घालतात. काझीचे दोन कारकून आले, वारस कोण हे सांगणारे बारा साक्षीदार अंगणात चहा पीत बसले, आणि पडद्याआडून हनिया म्हणाली, "थांबा. माझ्या पोटी मूल झोपलंय."

साक्षीदारांनी पेले खाली ठेवले. कोणी "अल्लाहची मर्जी" म्हणालं, कोणी दाढी कुरवाळली. सफ्रूत अशा वेळी पुरुष एवढंच करतात. सी अल्लाल मात्र ताडकन उठला.

"झोपलंय म्हणे! थापा आहेत सगळ्या! असल्या थापा मारून बायका घरं गिळतात आणि तुम्ही माना डोलावता. फेझच्या दवाखान्यातला डॉक्टर आणा. तो सांगेल काय झोपलंय ते!"

यामना पडद्याच्या आत, हनियाशेजारी बसली होती. तिनं कान टवकारले. घर जातंय म्हणून माणूस चिडतो, हे तिनं शंभर घरांत बघितलं होतं. पण अशा वेळी माणसाचा आवाज चढतो. अल्लालचा आवाज चिरकला होता. तिनं पडद्याच्या फटीतून बघितलं, तर हातातल्या पेल्यातला चहा त्याच्या पायघोळ जल्लाब्यावर सांडला होता, तरी त्याला पत्ता नव्हता.

काझीनं हुकूम दिला, की यामनानं तपासून येत्या गुरुवारी सांगावं. त्यानंतर गरज वाटली तर डॉक्टरचं बघू.

दुसऱ्या दिवशी यामना गेली. हनियानं चुलीवर बिसाऱ्याच्या दाट कढणाची हंडी चढवली होती. यामनानं सवयीनं झाकण उचललं, वर तेलाची धार धरली, मग हात त्याच तेलानं चोळून गरम केले आणि म्हणाली, "नीज, पोरी."

पोट मऊ होतं. वर, खाली, दोन्ही बगलांना, यामनानं सगळीकडे बघितलं. बोटांना काही म्हणजे काही लागलं नाही.

"काय लागलं, खाला?" हनिया छताकडे बघत म्हणाली.

"काही नाही."

"मग?"

"झोपलेलं हाताला लागत नसतं."

"मग नसलेलं आणि झोपलेलं, यातला फरक कसा गं ओळखायचा?"

यामनाचा हात थबकला. आपणच आपल्याला विचारतोय असं तिला वाटलं. तिनं थप्पड मारली नाही. "मला नाही माहीत," ती म्हणाली. "पण मला एक सांग. हे तुला कोणी सांगितलं? खरं सांग हं, मी काझीची माणूस आहे, पण आत्ता दार बंद आहे."

"त्यांनीच." हनिया उठून बसली. "तीन वर्षांमागं माझी पाळी चुकली होती. पोट दिसायला लागलं होतं. मग माझे वडील गेल्याचा निरोप आला आणि पोट उतरलं. रक्त फार गेलं नाही. मी रडरड रडले. ते म्हणाले, रडतेस कशाला, झोपलंय ते. दर शुक्रवारी नमाजाहून आले, की इथं हात ठेवून बोलायचे त्याच्याशी. बागेतलं सांगायचे. कुठल्या झाडाला किती आलंय, गाढव कसं लंगडतंय. मला हसू यायचं. तर म्हणायचे, हसू नकोस, आमच्या घरातली मुलं उशिरा उठतात."

"काय म्हणायचे?"

"आमच्या घरातली मुलं उशिरा उठतात."

"कोण उशिरा उठलं होतं?"

"मी विचारलं होतं. नुसते हसले." हनियानं डोळे पुसले. "खाला, मी खोटं बोलत नाही. घर हवंय मला, हे खरं आहे. गोठ्यावर झोपायचं नाही मला. पण मी खोटं बोलत नाही."

बिसारा खाताना यामनाचं लक्ष नव्हतं. उशिरा उठलं म्हणजे कोण? बेनईसाच्या घरात मुलं दोनच. थोरला तो स्वतः. आणि धाकटा... तिनं भाकरीचा तुकडा तसाच ताटलीत ठेवला.

गावात ही गोष्ट सांगू शकेल असं एकच माणूस जिवंत होतं. मसऊदा. त्या घरात तिची सगळी हयात राबण्यात गेली होती आणि आता ती आंधळी होऊन नदीपलीकडे लेकीकडे बसलेली असे. यामनानं तिच्यासाठी तपकिरीची डबी घेतली आणि पूल ओलांडला.

"कोण, तामूची भाची ना?" मसऊदानं तपकिरीच्या वासानंच तोंड वर केलं. "लाच घेऊन आलीस म्हणजे काहीतरी उकरायला आलीस."

"उकरायला कशाला, दादी? विचारपूस करायला."

"तुझी विचारपूस म्हणजे कोंबडीनं अंगण झाडल्यासारखी. बोल."

यामनानं विचारलं. म्हातारीनं एक चिमूट नाकात ओढली, शिंकली, आणि डबी कमरेला खोचली.

"मोठे मालक, बेनईसाचे वडील, तापात गेले," ती म्हणाली. "बेनईसा तेव्हा पोरसवदा, मोकाट हिंडायचा. त्यानंतर ऑलिव्हचा एक हंगाम गेला, दुसरा गेला. आणि दुसऱ्या हंगामात अल्लाल झाला."

"दुसऱ्या?"

"कान फुटले का तुझे? चुलते आले होते काठ्या घेऊन. घर वाटून घ्यायला टपलेलेच होते ते. मालकीणबाई म्हणाल्या, पोर झोपलं होतं, उठलं. काझीनं तुझ्या मावशीला पाठवलं. ती तेव्हा नवीनच होती, तोंडावर मुरमं होती तिच्या. तिनं सांगितलं, होय, झोपलं होतं. चुलते काठ्या घेऊन परत गेले. झालं."

"पण खरं काय होतं, दादी?"

मसऊदा तिच्या आवाजाच्या दिशेनं वळली. "मी भांडी घासत होते," ती म्हणाली. "बेनईसा मात्र कधी दुजाभाव करायचा नाही. मदरशातलं कोणी पोर धाकट्याला काही बोललं, की हा त्याचं डोकं फोडून यायचा. बापाची मिळकत निम्मीनिम्मी वाटली त्यानं. आता ऊठ आणि जा. आणि हे पोटात ठेव. जमेल का तुला?"

यामना पुलावर येऊन थांबली. तिच्या पोटात आजवर काहीच राहिलेलं नव्हतं. पण आता तिच्या लक्षात आलं, की अल्लाल स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतोय. फेझचा डॉक्टर येणार, मूल असं झोपत नसतं म्हणणार, काझी ते मानणार. मग बाप मेल्यावर दुसऱ्या हंगामात जन्मलेला अल्लाल कोणाचा? बापाकडून भाऊच ठरला नाही, तर आईकडून भाऊ म्हणून जेमतेम सहावा हिस्सा त्याला मिळेल आणि उरलेलं सगळं सरकारजमा. हे त्याला कळत नसेल? तो तर हिशेबी माणूस. मग तो डॉक्टर का मागतोय? हे विचारल्याशिवाय तिला घास गोड लागणार नव्हता.

बुधवारी ती त्याच्या दुकानात गेली. लोकर नको होती, तरी दोन लडी हातात घेऊन ओढून बघत बसली.

"ही रंग सोडेल."

"सोडत नाही," अल्लाल तिच्याकडे न बघता म्हणाला. "आणि तू लोकर घ्यायला आलेली नाहीस."

"नाही आले. सी अल्लाल, तुम्हाला डॉक्टर कशाला हवा?"

"खरं काय ते कळायला."

"आणि कळलं म्हणजे?"

त्यानं मान वर केली. यामनाच्या तोंडावर जे होतं ते त्यानं वाचलं. "मसऊदा अजून जिवंत आहे तर," तो म्हणाला. "धमकी द्यायला आलीस?"

"शपथ घेऊन सांगते, नाही. कोणाला बोललेली नाही मी. गावातल्या कोणालाही विचारा, मला हे किती जड जात असेल ते. मला समजत नाही म्हणून विचारायला आले. डॉक्टरनं तोंड उघडलं तर तुमचंच घर बुडेल. तुम्ही हे जाणता. मग?"

अल्लालनं दुकानाची एक फळी लावून घेतली. उजेड अर्धा झाला.

"मदरशात पोरं मला झोपाळू म्हणायची," तो म्हणाला. "मोठ्यानं नाही. भाईच्या भीतीनं हळूच. म्हणून मी सगळ्यांच्या आधी उठायला लागलो. आजही पहाटे मशिदीचं दार उघडतं तेव्हा पायरीवर मी असतो. अजान देणारा मुअज्जिनसुद्धा माझ्यानंतर येतो. लोक म्हणतात, काय धार्मिक माणूस! धार्मिक कसला, यामना. मला आयुष्यात एकदा पोटभर झोपायचंय."

यामनानं हातातल्या लडी गादीवर ठेवल्या.

"भाई गेला आणि मला वाटलं, सुटलो. आता या घरात त्या गोष्टीचं नाव निघणार नाही. तर ही बाई सगळ्या गावासमोर तेच म्हणते! मला वाटलं, एकदाचा कोणीतरी शिकलेला माणूस येऊ दे, होय की नाही ते सांगू दे. माझं जे व्हायचं ते होऊ दे. घर गेलं तर गेलं." त्यानं तिच्या हातांकडे बघितलं. तेलानं चकचकीत झालेले, जाड बोटांचे हात. "तू तामूची भाची. तिच्याजवळ राहिलीस. तिनं माझ्या आईच्या पोटावर हात ठेवला होता. काय लागलं होतं तिच्या हाताला?"

मावशीबद्दल असा प्रश्न यामनाला कोणी कधी विचारला नव्हता. प्रश्न विचारणारी तीच असायची. तिला खोटं बोलावंसं फार वाटलं. एक वाक्य पुरलं असतं.

"तिनं मला कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. "मी विचारलं तेव्हा तिनं मला मारलं."

"मारलं?"

"थोबाडीत. एकदाच. दुसऱ्या कशासाठी तिनं मला कधी हात लावला नाही."

अल्लालनं त्या लोकरीच्या लडी उचलून नीट गुंडाळल्या. मग त्यानं फळी काढली आणि गिऱ्हाईकाला आवाज दिला. यामना दोन्ही लडींचे पैसे देऊन घरी आली. रंग सोडणारी लोकर घेतली म्हणून शेजारीण हसली, तर यामना तिच्यावर खेकसली.

गुरुवारी कचेरीत गर्दी होती. बाजारचा दिवस, शिवाय असली फुकटची करमणूक कोण सोडतो? हनिया हाईक गुंडाळून भिंतीशी बसली होती. यामनानं ती हनियाच असल्याचं सांगितलं. मग काझीनं विचारलं, "तपासलंत?"

"तपासलं, काझीसाहेब. पोट मऊ आहे. हाताला काही लागलं नाही. झोपलेल्याचं असंच असतं." तिनं हनियाकडे बघितलं. "नसलेल्याचंही असंच असतं. यापुढचं माझ्या हाताला कळत नाही. अल्लाह जाणे."

कचेरीत कुजबुज झाली. अरीफानं असं कधी सांगितलेलं नव्हतं. हनियानं हाईकच्या आतून यामनाचं मनगट घट्ट धरलं. आपण पोरीचं घर घालवलं, असं यामनाला वाटलं.

काझी काही रागावला नाही. तो म्हणाला, "मग सी अल्लाल, तुम्ही डॉक्टर मागितला होता. अशा साक्षीनंतर तुमची मागणी रास्त आहे. फेझला निरोप धाडतो."

अल्लाल उभा राहिला. त्याची दाढी विंचरलेली होती आणि डोळे तारवटलेले होते.

"डॉक्टर नको," तो म्हणाला.

"तुम्हीच म्हणाला होतात, की मूल झोपतं ही थाप आहे."

"म्हणालो होतो."

"मग आता काय म्हणता? सगळ्यांसमोर सांगा. झोपतं की नाही?"

साक्षीदारांतले दोघंतिघं म्हातारे एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागले. म्हणजे यांनाही माहीत आहे, यामनाच्या मनात आलं. या सगळ्यांना पन्नास वर्षं माहीत आहे, आणि एकानंही ते कधी ओठांवर आणलं नाही.

"झोपतं, काझीसाहेब," अल्लाल म्हणाला.

"नक्की?"

"माझी आई खोटं बोलत नव्हती."

काझीनं त्याच्याकडे निरखून बघितलं. त्याला यातलं किती कळलं, कोण जाणे. त्यानं कारकुनाला थांबायची खूण केली आणि जरा मऊ आवाजात म्हणाला, "असं असेल तर वाटणी थांबते. किताबात पाच वर्षांची मुदत आहे. त्यानंतर तुमचा हिस्सा तुम्हाला मागता येईल."

"मुदत नका घालू. मी मागणार नाही." अल्लालला धाप लागली होती. घाण्याचा दांडा एकट्यानं फिरवून आल्यासारखा तो दिसत होता. "घर वहिनीकडे राहू दे, घाणाही तीच बघू दे. माझ्या भावाचं मूल आहे ते. हवं तेवढं झोपू दे त्याला."

हनिया ओक्साबोक्शी रडायला लागली. यामनाला तिला जवळ घ्यायचं होतं, पण तिला स्वतःलाच काही दिसत नव्हतं.